रस मला, चोथा शेळीला

तारीख बारा जून. तपासण्यांचे अकराशे पन्नास रुपये भरलेले होते आणि रिपोर्ट उघडला तेव्हा खोलीत तिघं हजर होतो: डॉक्टर, मी आणि माझी बायको रेखा. जेवणानंतरची साखर ३१२. मागच्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, ती १०.२. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, ३८०. सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलं होतं फॅटी लिव्हर, ग्रेड टू. म्हणजे यकृतावर चरबी साठलेली, आणि तीही पहिल्या पायरीच्या पुढे गेलेली.

डॉक्टर म्हणाल्या, "भास्करभाई, डायबिटीस आहे. आणि कालपरवाचा नाही. वर्ष-दोन वर्षं तरी अंगात असणार."

रेखा म्हणाली, "पण हे तर डोळे दाखवायला निघाले होते."

ते खरंच होतं. मी डोळ्यांसाठी निघालो होतो आणि पोटाच्या डॉक्टरांसमोर येऊन बसलो होतो. तिथपर्यंत कसा पोचलो आणि पुढे काय चुकलं, ते लिहून ठेवतो. असाच कागद तुमच्याही हातात कधी पडला, तर आमची चूक तुमच्या घरी होऊ नये एवढंच.

मी सुरतेत एका यंत्रमाग कारखान्यात कापड तपासनीस आहे. मागावरून उतरलेल्या सलग कापडाला इथे ताका म्हणतात. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून तो ताका ओढत न्यायचा आणि दोष शोधायचे. कुठे उभा धागा तुटून केसाएवढी रेघ पडलेली असते, कुठे तेलाचा डाग, कुठे विणीत भोक. दोष दिसला की खडूने खूण करायची. सव्वीस वर्षं मी हेच करतो आहे. दुसरं काम मला येत नाही.

फेब्रुवारीत दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली. वय झालं म्हटलं, चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलला. एप्रिलमध्ये तोही चष्मा चालेना. पुन्हा नंबर काढला, दुसरा चष्मा केला. मे महिन्यात दोन्ही चष्मे खिशात ठेवून कोणता कमी वाईट आहे ते पाहत काम करत होतो.

त्याच महिन्यात माझ्या हातून एक ताका सुटला. त्यात एक उभा धागा पहिल्या मीटरपासून शेवटपर्यंत नव्हताच. रंगाई झाली, पांढरी रेघ उठून दिसली आणि व्यापाऱ्याने माल परत पाठवला. शेठ काठियावाडी आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी तो ताका टेबलावर पसरला.

"भास्करभाई, आ जोयुं?" हे पाहिलंत का?

मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. मी कापडावरून आडवं बोट फिरवलं, तेव्हा बोटाला ती रेघ लागली. शेठ माझ्या बोटाकडे पाहत होते. मला दिसलं नाही, हे त्यांना दिसलं.

ते म्हणाले, "डोळे दाखवा. दिवाळीपर्यंत तुमच्याबरोबर अजून एक माणूस बसवतो. दिवाळीनंतर टेबल एकाचंच राहील. कोणाचं, ते तेव्हा पाहू." यात त्यांची चूक नव्हती. त्यांच्या जागी मीही हेच बोललो असतो.

म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे थेंब घालून बाकावर बसवतात. बाहुल्या मोठ्या होतात आणि समोरचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं होतं. आजूबाजूला बसलेले सगळेच डोळे मिटून. कोणाचा नंबर आला ते कोणालाच वाचता येत नाही, सगळे कानांनी वाट पाहतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "रेटिना, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, अजून चांगला आहे. नवा चष्मा करू नका. आधी साखर तपासा. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरून फुगतं आणि नंबर बदलत राहतो." पोटाच्या डॉक्टरांचं नावही त्यांनीच लिहून दिलं.

दोन चष्मे झाल्यावर हे कळलं. चष्म्याचा नंबर दोन-तीन महिन्यांत पुन्हा बदलला, तर दुकानाआधी रक्त तपासा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

तर बारा जून. डॉक्टरबाईंनी दोन वेळची गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं, वजन उतरवायला सांगितलं. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, आमच्या घरी आमरस चालू होता, तो बंद करायला सांगितला. मग म्हणाल्या, "फायबर वाढवा. फायबर म्हणजे धान्याचा, भाजीचा, फळाचा तो भाग जो आपल्याला पचत नाही. आता जांभळांचा मोसम आहे. आंबा सोडा, जांभूळ खा."

बाहेर रांग मोठी होती, पुढच्या माणसाने दार अर्धं उघडलेलं होतं. आम्ही उठलो. एवढ्या सगळ्यातलं रेखाने शेवटचं धरलं: जांभूळ.

आता आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही मूळचे खानदेशातले. आमच्याकडे आजारी माणसाला जे द्यायचं ते गाळून. भात नाही, भाताची पेज. डाळ नाही, डाळीचं वरचं पाणी. फळ नाही, फळाचा रस, आणि रसही फडक्यातून पिळलेला. आजाऱ्याच्या पोटाला त्रास नको, जड ते निरोग्याने खावं, सत्त्व तेवढं आजाऱ्याच्या तोंडी जावं, अशी समजूत. माझी आई तापात असंच द्यायची. रेखाची आईही. जितकं प्रेम जास्त, तितकं फडकं बारीक.

जांभळाचा रस काढायचा म्हणजे फडकं लागणार. रेखा म्हणाली, "अहो, तुम्ही कापडातले ना? एक चांगला तुकडा आणा."

मी कारखान्याशेजारच्या तुकडेवाल्याकडून सुती मलमलीचा हात-सव्वा हात तुकडा आणला. डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून उजेडात धरला आणि बोटांच्या टोकांनी आडवा-उभा तपासला. एकही धागा तुटलेला नव्हता. गाठ नव्हती, भोक नव्हतं. सव्वीस वर्षांत इतका निर्दोष तुकडा मी क्वचित पाहिला असेल. रेखाने तो उकळत्या पाण्यात दोनदा धुतला.

त्यानंतर रोज पहाटे ती जांभळं कुस्करायची, बिया काढायची, गर आणि साली त्या मलमलीत घालून पिळायची. हात मनगटापर्यंत जांभळे. पेल्यात जे उतरायचं ते इतकं स्वच्छ की पेल्याचा तळ दिसावा. वर चिमूटभर काळं मीठ. फडक्यात उरलेला चोथा शेजारच्या जिजींच्या शेळीला जायचा.

जिजी म्हणजे आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या बाई, धुळ्याकडच्या. अजून अहिराणीच बोलतात आणि मला नाना म्हणतात. घरापुढे एक पांढरी शेळी बांधलेली असते. जांभळाचा चोथा आला की ती शेळी दोर ताणून उभी राहायची.

दुपारी डाळीचं पाणी आणि दोन पोळ्या, कणीक दोनदा चाळलेली. संध्याकाळी मोसंबीचा रस, तोही गाळलेला. मी गोळी चुकवली नाही, चालणं चुकवलं नाही. पोट साफ होईना. भूक सारखी लागे. त्यात एक गोष्ट अशी झाली की मी घाबरलो. औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत नजर आणखी बिघडली. पूर्वी लांबचं धूसर दिसायचं, आता जवळचंही दिसेना. टेबलावर माझ्याशेजारी बसवलेला माणूस, दिलीप नावाचा, चांगला होता. माझ्या बाजूचे दोष तो हळूच खडूने खुणावायचा आणि बोलायचा नाही. त्याचं ते न बोलणं मला जास्त लागायचं.

जुलैच्या अखेरीस पुन्हा तपासणी. जेवणानंतरची साखर २५८. उतरली होती, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

"गोळी घेता ना?"

"एकही चुकलेली नाही."

"मग गोळी आणि चालणं चालू असताना साखर एवढी राहायला नको. अजून महिन्याने अशीच राहिली तर इन्सुलिनचा विचार करावा लागेल." मग माझ्याकडे न पाहता त्या रेखाकडे वळल्या. "बेन, तुम्ही सांगा. सकाळी उठल्यापासून यांना काय काय देता?"

रेखाने सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं. मलमल मी निवडून आणली हेही सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या.

"अने कूचो क्यां जाय छे?" आणि चोथा कुठे जातो?

रेखा म्हणाली, "तो? तो जिजीच्या शेळीला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमच्या जिजींच्या शेळीची साखर एकदम बरोबर असेल."

मला हसू आलं, पण रेखाला नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणजे दीड महिना मीच यांना उपाशी ठेवलं?" ती इतकं हळू म्हणाली की डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. बाहेर रांग होती, तरी त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते मला समजलं तसं लिहितो.

त्या म्हणाल्या, "तुम्ही यांना उपाशी नाही ठेवलं. यांच्या पोटात जे राहतात, त्यांना ठेवलं. आपल्या मोठ्या आतड्यात जीवाणू असतात, मोजता येणार नाहीत इतके. त्यांना इंग्रजीत गट मायक्रोबायोम म्हणतात, म्हणजे आतड्यातली वस्ती. आपण खातो त्यातलं साखर, पीठ, तेल वरच्या वरच शोषलं जातं. खालपर्यंत पोचतं ते फक्त फायबर. त्या वस्तीचं जेवण तेच. भास्करभाई, तुम्ही सुरतेत आलात तेव्हा कुठे जेवत होता?"

"खानावळीत. लिंबायतला."

"तशी ही खानावळ समजा. तुम्ही रोज चोथा बाहेर देता, म्हणजे ताट भरलेलं आहे, पण खानावळीच्या दाराशी पोचतच नाही. चांगले जीवाणू फायबर खाऊन शॉर्ट चेन फॅटी ॲसिड तयार करतात. लहान साखळीची स्निग्ध आम्लं. ती आतड्याच्या भिंतीला पोसतात, आणि शरीराने इन्सुलिनचं म्हणणं नीट ऐकावं यासाठीही ती मदत करतात असं दिसतंय. फायबर मिळालं नाही तर जीवाणू भिंतीवरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलं आहे. माणसांमध्ये किती होतं, ते अजून शोधतायत."

मला खानावळीतले दिवस आठवले. खानावळवाला एकदा न सांगता गावी गेला होता, तेव्हा आम्ही पोरांनी त्याच्या घरचा तिखटाचा डबासुद्धा सोडला नव्हता.

डॉक्टर पुढे म्हणाल्या, "जांभळाचं काम सालीत आणि गरात आहे. त्याच्या रंगात पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. त्यातली बरीचशी वर शोषली जात नाहीत, फायबरबरोबर खाली जातात आणि जीवाणू त्यांवर काम करतात. फळ चावून खाल्लं की त्यातली साखरही सावकाश रक्तात जाते. रस काढला की राहिलं काय? रंगीत गोड पाणी. आणि मोसंबीच्या रसाने तर आमच्या गोळीवर रोज पाणी ओतलंत."

मी माझ्या सवयीने विचारलं, "म्हणजे सालीसकट जांभळं खाल्ली तर साखर किती उतरेल? आकडा सांगा."

"आकडा मी सांगणार नाही. जांभळाने डायबिटीस बरा होतो असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. बियांची पावडर आपल्या मनाने सुरू करू नका. गोळी माझी, चालणं तुमचं, आणि चोथा खानावळीचा. तिन्ही चालू ठेवा, मग पाहू."

नजरेचंही विचारलं. त्या म्हणाल्या, साखर खाली यायला लागली की फुगलेलं भिंग पुन्हा बसायला लागतं, तेव्हाही काही आठवडे धूसर दिसतं. ती चांगली खूण आहे. साखर एका जागी ठरेपर्यंत चष्मा करायचा नाही.

खाली उतरताना रेखा जिन्यात थांबली. म्हणाली, "तुम्ही तरी तो तुकडा एवढा चांगला कशाला आणला? एखादा धागा तुटका असता, तर थोडं तरी पोटात गेलं असतं."

तिच्या नखांतला जांभळा रंग अजून गेला नव्हता. मी तिचा हात धरला. सुरतेच्या दवाखान्याच्या जिन्यात, लोकांदेखत, आमच्या पिढीत हे काही रोजचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रस बंद. मोसम संपत आला होता. टोपलीवाली मासी शेवटची जांभळं विकत होती, थोडी सुरकुतलेली. मूठभर जांभळं मी सालीसकट, चावून, फक्त बी थुंकून खाल्ली. आणि मग पुढची चूक केली. डॉक्टरांनी हळूहळू वाढवा म्हटलं होतं. मी हिशेबी माणूस, मला मागची बाकी भरून काढायची होती. त्याच दिवशी जांभळं, मोड आलेली मटकी, कळण्याची भाकरी आणि भेंडीची भाजी, सगळं एकदम. दुपारपासून पोटात जे सुरू झालं ते जिजींना भिंतीपलीकडून ऐकू गेलं.

"नाना, तुन्हा पोटमा लूम चालू शे का?"

रेखा आतून ओरडली, "जिजी, हसू नका, औषध आहे ते!"

"औषध शे त मग मनी बकरीले काब्रं देत व्हतात?" त्या म्हणाल्या, म्हणजे मग शेळीला का देत होतात. "तुन्ही शुगर नही उतरनी, पन मनी बकरी कशी टंच व्हई गई!"

उपाशी जीवाणूंना एकदम पंगत घातली की ते गडबड करतात. फायबर वाढवायचं ते थोडं थोडं, आणि पाणी जास्त पिऊन. मला हे दोन रात्रींत शिकायला मिळालं.

जांभळं संपल्यावर प्रश्न आला की आता काय. रेखाने शेवटची जांभळं धुऊन, पुसून, अख्खी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गोठवून ठेवली होती. ती काही आठवडे पुरली. आमची मुलगी पल्लवी एका दुकानात हिशेब लिहिते. तिने मोबाइलवर वाचलं की सगळ्यात चांगली ब्लूबेरी. पगार झाल्यावर एक डबी घेऊन आली, तळहाताएवढी. जिजी बसल्याच होत्या. त्यांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटून चावली.

"एवढा पैसा दिसन करवंदं लई उनी का वं?" एवढे पैसे देऊन करवंदं घेऊन आलीस का गं?

पल्लवी चिडली. "जिजी, करवंद नही, इम्पोर्टेड छे!"

"इम्पोर्टेड करवंद."

मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, जिजी फार चूक नाहीत. गडद रंगाची, सालीसकट खायची, फायबर असलेली छोटी फळं, काम साधारण एकाच जातीचं. उन्हाळ्यात फालसा आणि करवंद, पावसाच्या तोंडावर जांभूळ, थंडीत आवळा आणि बोरं, होळीच्या सुमाराला तुती. जे हातगाडीवर येईल ते अख्खं खा, मूठभर खा, साखर लावू नका. आणि फळावरच विसंबू नका. भाकरी, डाळ, मोड, भाजी हीच रोजची खानावळ, ही फळं म्हणजे सणाचं जेवण.

भाकरीचं ऐकून मला वाईटही वाटलं आणि बरंही. गावी आम्ही कळण्याची भाकरी खाऊनच वाढलो. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, चाळायचं काम नाही. सुरतेत दोन पैसे मिळायला लागल्यावर आम्ही पांढऱ्या, मऊ पोळीवर आलो आणि त्याला प्रगती समजलो. आता रेखा गिरणीवाल्याला बजावते, जाडसर दळ आणि चाळू नकोस. ती मलमल तिने टाकली नाही. तिच्यात आता मटकी बांधून मोड आणते. घट्ट कापड आहे, मोड चांगले येतात.

सप्टेंबरमध्ये जेवणानंतरची साखर १७०च्या आसपास आली. पोट रोज साफ व्हायला लागलं, हे लिहायला संकोच वाटतो, पण आजाऱ्याला याचंच मोल जास्त असतं. दुपारी कामावर येणारी झापड गेली. वजन सहा किलो उतरलं. एक सकाळ अशी आली की घरासमोरच्या विजेच्या तारेवर बसलेले पक्षी मला वेगवेगळे दिसले, एक काळा पट्टा नाही. मी चष्म्याशिवाय उभा होतो. रेखाला बोलावलं नाही. आधी खात्री करून घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा थेंब घातले, पुन्हा तो बाक, पुन्हा मिटलेले डोळे. पडदा स्वच्छ. तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा नंबर काढला, दोन्ही वेळा तोच आला. मग म्हणाले, "आता करा चष्मा." हा तिसरा. पहिल्या दोन चष्म्यांपेक्षा याचा नंबर कमी होता.

ऑक्टोबरमध्ये एचबीएवनसी ७.१. ट्रायग्लिसराइड २१०. यकृताची सोनोग्राफी पुढच्या वर्षी पुन्हा करायची आहे. डॉक्टर म्हणाल्या, इन्सुलिनचा विषय आता बाजूला ठेवू. गोळी चालूच राहील, कदाचित कायमची.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हे आकडे कशामुळे उतरले, त्यात गोळीचा वाटा किती, चालण्याचा किती, मोसंबी बंद केल्याचा किती आणि चोथ्याचा किती, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. डॉक्टरांनाही नाही. चार धागे एकत्र विणले की कापड होतं. त्यातला एक उपसून याच्यामुळे कापड झालं असं म्हणणारा माणूस कापडातला नसतो.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा कामाचा दिवस. मे महिन्यापासून माझं लक्ष त्या दिवसावर होतं. शेठ दुपारी टेबलापाशी आले. दिलीपला म्हणाले, "तू जरा चहा पिऊन ये." मग एक ताका स्वतःच्या हाताने टेबलावर चढवला. मी नवा चष्मा घातला आणि कापड ओढायला लागलो.

दहा-बारा मीटर काहीच नाही. पुढे तेलाचा डाग, तो कोणालाही दिसला असता. खूण केली. मग बराच वेळ स्वच्छ कापड. मला वाटलं, संपलं, यात एवढंच होतं. आणि तेवढ्यात दिव्याचा उजेड एका जागी जरा जास्त वर आला. केसाएवढा. मी थांबलो. हात लावला नाही. बोटाने पाहायचं नाही असं मी घरूनच ठरवून आलो होतो. वाकून पाहिलं, आणि खडूने बारीक रेघ ओढली.

शेठनी वाकून पाहिलं. त्यांना दिसेना. त्यांनी आपलं बोट कापडावरून आडवं फिरवलं.

"हं," ते म्हणाले. "सुट्टीनंतर या वेळेवर. दिलीपला दुसऱ्या पाळीचं टेबल देतो, त्याची नजरही चांगली आहे." दारापर्यंत गेले आणि वळले. "भास्करभाई, मलाही दोन महिन्यांपासून दिव्याभोवती गोल दिसतंय. तुमच्या त्या डॉक्टर कुठे बसतात?"

मी पत्ता सांगितला. म्हटलं, "आधी साखर तपासा. चष्मा करू नका. आणि शेठ, घरी सांगा, काही गाळू नका."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा रेखा दारातच उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत वळून देवापुढे दिवा लावला. ती पाठमोरी असताना पदराने डोळे पुसत होती, ते मला चांगलं, अगदी स्वच्छ दिसलं.

भिंतीपलीकडून जिजींचा आवाज आला. "नाना, तुन्हं काम व्हयनं, आनंद शे. पन मनी बकरीना खुराक बंद व्हयना, तेनं काय?"

बोलणं रास्त होतं. मी चपला घातल्या, नाक्यावर गेलो आणि हिरव्या चाऱ्याची एक मोठी जुडी घेतली. या आजारपणातला दिवाळीआधीचा शेवटचा खर्च तो. वीस रुपये, रोख, चारावाल्याला दिले.